गोरज मास्तरांनी न पकडलेला चोर

काल कूलरवाला येऊन गेला. गेल्या वर्षीचं काळं पडलेलं गवत त्यानं जाळीतून उपसून काढलं, नवं बसवलं, टाकीत पाणी सोडलं आणि मोटर सुरू केली. पाचच मिनिटांत घरभर तो वास पसरला. ओल्या गवताचा, थोडा वाळ्याचा, थोडा गंजलेल्या पत्र्याचा. नागपुरात उन्हाळा कॅलेंडरवरून कळत नाही, या वासावरून कळतो. लहानपणी हा वास आला की परीक्षा संपल्यासारखं वाटायचं. दुपारी खिडक्या लावून घ्यायच्या, कूलरच्या तोंडाशी चटई टाकायची आणि एखादी रहस्यकथा घेऊन पालथं पडायचं. खून कुणी केला ते कळेपर्यंत चहासाठी आईनं मारलेली हाकसुद्धा ऐकू यायची नाही.

आता तो वास आला की मला आधी बसावं लागतं. चार उन्हाळे झाले, तरी.

मी एकतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. निवृत्त झाल्यावर कादंबऱ्या लिहायला लागले. होऊन गेलेल्या खऱ्या लेखक-कवींना गुप्तहेर करायचं आणि त्यांच्या काळातल्या गुन्ह्यांचा तपास त्यांच्या हाती द्यायचा, असा एक प्रकार असतो, तो मला फार आवडायचा. इतिहास आणि रहस्य, माझी दोन्ही वेडं त्यात एकत्र नांदायची. मग वाटलं, आपल्याकडे कुणी का नसावा? मी कवी गोरज निवडले. आमच्या भागातले, इंग्रजांच्या काळातले कवी. आधी सावनेरकडच्या एका खेड्यात मास्तर होते, पुढे नागपुरात आले. दोन कवितासंग्रह, पत्रांचं एक पातळ पुस्तक आणि एकच फोटो. फोटोत डोक्यावर काळी टोपी, हातात छत्री, आणि आपण इथे चुकून आलो आहोत असा चेहरा. त्यांची कविता आता कुणी वाचत नव्हतं. मला वाटायचं, गाईंच्या खुरांनी उडालेल्या धुळीत ज्या माणसाला एवढे रंग दिसले, त्याला गुन्हेगाराच्या धोतरावरचा एक डाग दिसणार नाही? कवी म्हणजे पाहणारा माणूस. जो नीट पाहतो तो नीट तपासही करतो. या एका विचारावर मी तीन कादंबऱ्या लिहिल्या. गोरज मास्तर लोकांना आवडले. छत्री टेकवत येणारे, हळू बोलणारे, आणि शेवटच्या प्रकरणात सगळ्यांना शाळेत जमवून बरोबर माणसाकडे बोट दाखवणारे.

तिसरी कादंबरी त्यांच्या एका पत्रातून निघाली. मित्राला लिहिलेल्या त्या पत्रात तीन छोटी वाक्यं होती. ‘गावातील देवीचा चांदीचा मुखवटा चोरीस गेला. कोतवाल सोम्या धरला गेला. माझी साक्ष झाली.’ बस्स. पुढे आंब्यांची चौकशी. त्या तीन वाक्यांवर मी दोनशे पानं उभी केली. कोतवाल म्हणजे गावाचा राखणदार, रात्री गस्त घालणारा, चोरी झाली की आरोळी देणारा. राखणदारच चोर, ही कल्पना मला फार झकास वाटली होती. वाचकांची पत्रं आली, की बाई, शेवटपर्यंत संशय आला नाही. ती पत्रं मी एका फाइलमध्ये लावून ठेवली होती.

त्या मे महिन्यात माझे यजमान सुधीर यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. धंतोलीतल्या एका दवाखान्यात रोज दुपारी त्यांना व्यायामासाठी न्यावं लागे. बाहेर सेहेचाळीस अंशांचं ऊन, रस्ता ओस, रिक्षावालेही डोक्याला दुपट्टा बांधून झाडाखाली बसलेले. आणि आत, दुसऱ्या मजल्यावरच्या त्या लांबट खोलीत, दोन मोठे कूलर घरघरत असायचे. नव्या गुडघ्यांची, मोडलेल्या खुब्यांची माणसं कठड्याला धरून चालायला शिकत असायची. विदर्भभरातली माणसं. कुणी यवतमाळचं, कुणी थेट गडचिरोलीहून आलेलं. प्रत्येकाजवळ पाण्याची बाटली आणि घरचं एक माणूस. वाट पाहणारी माणसं बोलून बोलून एकमेकांची होऊन जात.

तिथे एक आजी यायच्या. ब्याण्णव वर्षांच्या, चणीनं लहान, निळ्या काठाची पांढरी साडी, चाकाच्या खुर्चीत ताठ बसलेल्या. खुबा मोडला होता. त्यांना घेऊन यायची त्यांची नात प्रज्ञा. ती सावनेरजवळच्या एका शाळेत गणित शिकवायची आणि सुट्टी असल्यामुळे आजीसाठी नागपुरात मावशीकडे येऊन राहिली होती. नंबर लागेपर्यंत ती आजीला पुस्तक वाचून दाखवायची. खाकी कव्हर घातलेलं, वाचनालयाचं. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसले, आणि कूलरच्या आवाजातून एक वाक्य माझ्या कानावर आलं. ते वाक्य माझं होतं.

लिहिणाऱ्या माणसाला त्या क्षणी काय होतं ते मी लपवणार नाही. मला गुदगुल्या झाल्या. थोडा वेळ मी नुसती ऐकत राहिले. मग न राहवून प्रज्ञाला सांगितलं की हे पुस्तक मी लिहिलं आहे. तिला खरं वाटेना. मागच्या पानावरचा फोटो आणि माझा चेहरा तिनं दोनदा ताडून पाहिला. आजींनी मान वळवून माझ्याकडे निरखून पाहिलं. त्यांचं नाव पार्वताबाई. गावाकडची गोष्ट आहे म्हणून नातीनं पुस्तक आणलं होतं, अर्धं वाचून झालं होतं. देऊळ ओळखू आलं, तळं ओळखू आलं, शाळेपुढची चिंच ओळखू आली, असं त्यांनी एकेक करून सांगितलं. मी फुलून गेले. ते गाव मी आयुष्यात एकदाच, तासाभरासाठी पाहिलं होतं.

मग त्यांनी विचारलं, ‘‘तुमी गोरज मास्तर पाह्यला होता का, बाई?’’

मी म्हटलं, छे, माझ्या जन्माआधीच ते गेले.

‘‘म्या पाह्यला,’’ त्या म्हणाल्या.

ज्या माणसावर मी तीन पुस्तकं लिहिली त्याला पाहिलेलं हे पहिलंच जिवंत माणूस मला भेटत होतं. मी खुर्ची आणखी जवळ ओढली. कसे दिसायचे, कसे बोलायचे, असं विचारणार, तोच त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

‘‘आधी मले एक सांगा. चोर कोन निघते?’’

मी हसले. आत्ताच सांगितलं तर मजा जाईल, असं काहीतरी म्हणाले. त्याही हसल्या. या वयात मजेसाठी किती थांबायचं, अशा अर्थाचं काही बोलल्या. आणि मग अगदी सहज, पदर सारखा करत म्हणाल्या, ‘‘त्याच्यात सोमाजी कोतवाल हाये ना, तो माहा बाप होता. म्हनून इचारलं.’’

त्यानंतरचं मला सलग आठवत नाही. कूलरचा पंखा दिसत होता, पण त्याचा आवाज बंद झाला होता. प्रज्ञाच्या मांडीवर पुस्तक उघडं होतं आणि तिचं बोट शंभराव्या पानाच्या आसपास होतं. एकशे ब्याण्णवाव्या पानावर काय आहे हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. मी लिहिताना कधी हा विचारच केला नव्हता की त्या पत्रातल्या सोम्याला घर असेल, घरात एखादी मुलगी असेल, आणि ती मुलगी एक दिवस माझ्या शेजारी बसून मलाच विचारेल. मला तो पत्रातला एक शब्द वाटला होता. हाताशी आलेला, नाव-गावासकट तयार.

उद्या सांगते, असं मी पुटपुटले. सुधीरना तसंच कठड्याशी सोडून जिना उतरले आणि उन्हात जाऊन उभी राहिले. मे महिन्यातल्या दुपारी नागपुरात उन्हात उभं राहणारं माणूस म्हणजे एक तर वेडं किंवा घाबरलेलं. औषधाच्या दुकानातल्या बाईनं मला आत बोलावून पाणी दिलं.

सुधीर घरी येताना म्हणाले, ‘‘तुला कसं माहीत असणार, वसू?’’ ते वाक्य मी दुसऱ्या दिवसापर्यंत जपून वापरलं.

दुसऱ्या दिवशी प्रज्ञा जिन्यातच भेटली. आजी आत होती. ती माझ्यासाठीच थांबली होती. माझं तोंड पाहून तिला शंका आली होती आणि उरलेलं पुस्तक तिनं एकटीनं वाचून काढलं होतं. मी माफी मागायला सुरुवात केली. ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती फळ्यावरचं गणित समजावून सांगावं तितक्या शांतपणे म्हणाली, ‘‘आजीला मी शेवट वाचून दाखवलेला नाही, मॅडम. तो तुम्ही वाचा.’’

मी वाचला. त्या खोलीत, कूलरच्या समोर बसून, मी माझं शेवटचं प्रकरण सोमाजी कोतवालाच्या मुलीला वाचून दाखवलं. गोरज मास्तर छत्री टेकवत शाळेत येतात. मालगुजार, म्हणजे त्या गावाचा धनी, मधोमध बसलेला असतो. मास्तर एकेक धागा उलगडतात. ‘सोम्याची मान खाली गेली. राखणदाराच्या डोळ्यांत आता चोराची नजर होती.’ हे वाक्य मी तेव्हा चार वेळा घासूनपुसून लिहिलं होतं. आता ते माझ्या तोंडून बाहेर पडलं आणि मला माझाच आवाज परका वाटला. प्रकरण संपवल्याशिवाय थांबू नका, असं आजींनी आधीच बजावलं होतं. मी थांबले नाही.

पार्वताबाई रडल्या नाहीत. बराच वेळ त्या कठड्याला धरून चालणाऱ्या एका बाईकडे पाहत होत्या. मग त्यांनी सांगितलं ते मी जमेल तसं सांगते. वडलांना दीड वर्षाची सजा झाली. नागपूरच्या तुरुंगातून ते परत आले तेव्हा छातीत खोकला होता आणि कोतवाली गेली होती. तीन पावसाळ्यांत गेले. पुढे बरीच वर्षं गेली. बाबासाहेबांनी नागपुरात दीक्षा दिली त्या वर्षी सारं घर बौद्ध झालं, आणि त्याआधीच्याच उन्हाळ्यात गोरज मास्तर एकदा त्यांच्या माहेरच्या दाराशी आले होते. म्हातारे झाले होते. सोमाजी आहे का, असं विचारलं. आई म्हणाली, मेला. ते उभेच राहिले. पाणी मागितलं, त्या घरचं पाणी आयुष्यात पहिल्यांदा प्याले, आणि जाताना आपलं कवितांचं पुस्तक ठेवून गेले. घरात कुणालाच वाचता येत नव्हतं. पार्वताबाईंना त्यांच्या मुलानं अक्षरओळख करून दिली तेव्हा त्या पस्तिशीच्या होत्या. पहिलं पुस्तक त्यांनी वाचलं ते हेच.

‘‘बापाबद्दल काय लेहलं ते पाहाले वाचलं म्या,’’ त्या म्हणाल्या. ‘‘गावातलं सारं हाये त्याच्यात. गाई हायेत, तळं हाये, चिंच हाये. माहा बाप नाही. आन आता तुह्या पुस्तकात पह्यल्यांदा त्याचं नाव छापून आलं, तं चोर म्हनून आलं.’’

कालपर्यंत त्या मला ‘तुमी’ म्हणत होत्या. आता ‘तू’ म्हणाल्या. ते मला बरोबरच वाटलं.

मी घाईघाईनं म्हणाले की मला कल्पना नव्हती, पुढच्या आवृत्तीत मी नाव बदलीन, काढूनच टाकीन.

‘‘नाव काहून काढतं? नाव काढलं तं माहा बाप कुठं राह्यला? नाव राहू दे. चोर काढ.’’

एवढं बोलून त्यांनी प्रज्ञाला खूण केली. त्यांचा नंबर लागला होता.

त्या उन्हाळ्याच्या दुपारी मला वेगळ्या करून आठवत नाहीत, इतक्या त्या एकसारख्या होत्या. गच्चीवर कुरडया वाळत होत्या, शेजारी पन्ह्यासाठी कैऱ्या उकडत होत्या, रस्त्यावर बेलफळाचा पाक विकणाऱ्याची घंटी वाजत होती, आणि मी खिडक्या लावून गोरज मास्तरांच्या पत्रांपुढे बसले होते. त्या पत्रांच्या झेरॉक्स प्रती माझ्याजवळ होत्या, कादंबरीच्या वेळी काढलेल्या. पुरावा शोधायची मला सवय होती. वाटलं, यात कुठेतरी मला सोडवणारं काही असेल. पत्रात खोटं लिहिलं असेल तर ते कवीचं पाप, माझं नाही.

आठ वर्षांनंतरच्या एका पत्रात ते सापडलं. मास्तरांनी त्याच मित्राला लिहिलं होतं, ‘तो मुखवटा मालगुजारांच्याच धान्याच्या कोठीत निघाला असे कळते. धाकट्या चिरंजीवांचे काम. आता जुने उकरून काय होणार?’

आणि त्या ओळींच्या शेजारी, समासात, पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘घेऊ नये. रहस्य ढिलं पडतं.’

अक्षर माझं होतं.

मी ते वाचलं होतं. कादंबरी लिहिण्याआधी वाचलं होतं, समजून घेतलं होतं, आणि बाजूला ठेवलं होतं. मग विसरले होते, इतकी पूर्ण, की पार्वताबाईंसमोर ‘मला कल्पना नव्हती’ असं मी मनापासून म्हणू शकले. एकतीस वर्षं मी मुलांना सांगत आले की पुरावा आवडीनिवडीनं निवडायचा नसतो. त्या पेन्सिलीच्या ओळीखाली मी बोट ठेवलं. सुधीर काठी टेकत आले. त्यांनी ती ओळ वाचली, माझ्याकडे पाहिलं, आणि या वेळी काहीच म्हणाले नाहीत.

आपण होऊन गेलेल्या कवींना गुप्तहेर का करतो, याचा मी त्या दिवसांत फार विचार केला. आपल्याला वाटतं आपण त्यांना पुन्हा जिवंत करतो. पण चांगल्या गुप्तहेराला एक गुन्हेगार लागतो, आणि तो कुठून तरी आणावा लागतो. कवीच्या नावाला जपणारी माणसं असतात. त्यांची स्मारकं असतात, जयंत्या असतात, त्यांच्याविषयी वावगं लिहिलं तर पत्रं येतात. कोतवालासाठी पत्र लिहिणारं कुणी नसतं. मी मालगुजाराच्या मुलाला चोर करताना दहादा विचार केला असता, त्यांचं घराणं अजून आहे, असं म्हणाले असते. सोम्यासाठी एकदाही केला नाही. हे मी ठरवून केलं नाही, आणि त्याचाच मला जास्त धक्का बसतो.

प्रकाशकांना कळवून मी कादंबरीची विक्री थांबवली आणि नवा शेवट लिहायला घेतला. आठ दिवसांत लिहिला. त्यात गोरज मास्तर कोर्टात उभे राहतात, मान्य करतात की आपली साक्ष खोटी होती, मालगुजाराच्या मुलाचं नाव घेतात, आणि सोमाजीचे पाय धरतात. लिहिताना मी रडले. लेखकाला स्वतःच्या लिहिण्यावर रडू आलं की सावध व्हायला हवं, हे मला कळायला हवं होतं.

नवतपा लागला होता, जूनच्या आधीचे ते नऊ भाजणारे दिवस. पार्वताबाई सावनेरला परतल्या होत्या. मी सकाळच्या एसटीनं गेले. बाहेरच्या खोलीत बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, खिडकीत छोटा कूलर, आजी खाटेवर. प्रज्ञानं मला आधी जेवायला लावलं. मग मी नवा शेवट वाचला. वाचून झाल्यावर त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं. खरं सांगते, मी शाबासकीची वाट पाहत होते.

‘‘असं झालं नाही,’’ त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, हो आजी, पण कादंबरी आहे, व्हायला हवं होतं ते लिहिता येतं.

त्यांनी माझ्या हातातल्या कागदांकडे बोट दाखवलं. मग म्हणाल्या, ‘‘पह्यले त्याले हुशार कराले तू माह्या बापाले चोर केलं. आता त्याले चांगला कराले माह्या बापाचे पाय वापरले. तुह्या पुस्तकात माहा बाप काय करते, ते सांग ना वं. तो पकडला जाते, नाही तं सुटते. तो सोता काय करते?’’

मी मनात पानं उलटली. दोनशे पानांत सोमाजी कोतवाल सहा वेळा बोलला होता, आणि सहाही वेळा ‘जी मालक’ एवढंच.

ऐक मग, असं म्हणून त्यांनी जे सांगितलं ते ऐकताना माझ्या हातातले कागद खाली सरकले आणि मी ते उचलले नाहीत.

कोतवालाचं काम फक्त गस्त घालणं नव्हे. चोरी झाली की माग काढणं हे त्याचं काम. मातीतल्या पावलांवरून चोर कुठे गेला ते शोधणं. सोमाजी त्यात इतका वाकबगार होता की आजूबाजूच्या गावांतून त्याला बोलावणं यायचं. ओझं घेतलेल्या माणसाचं पाऊल आणि रिकाम्या माणसाचं पाऊल त्याला वेगळं कळायचं. मुखवटा गेला त्या सकाळी देवळामागच्या ओल्या मातीत त्याला एक ठसा दिसला. बुटाचा. त्यानं त्यावर टोपलं पालथं घातलं आणि कोंबड्यांनी ते उकरू नये म्हणून सात वर्षांच्या पार्वताला टोपल्याशेजारी बसवलं. मग वाकून वाकून, एकेक पाऊल पाहत, तो माग काढत गेला. देवळापासून चिंचेखालून, आणि मालगुजाराच्या मागच्या दारापर्यंत.

‘‘गावात बूट घालनारे दोघंच. मालगुजाराचा धाकला आन मास्तर,’’ पार्वताबाई म्हणाल्या.

बाप मास्तरावर शंका घेत नव्हता. मास्तराची पावलं तो ओळखत होता. उलट मास्तर शिकलेला आहे, कविता करतो, आपलं म्हणणं कागदावर नीट मांडेल, म्हणून त्यानं आधी त्यालाच जाऊन सांगितलं. टोपलं उचलून ठसा दाखवला. मास्तर खाली बसून बराच वेळ तो ठसा पाहत राहिला. पार्वता तिथेच होती. मास्तर मालगुजाराच्याच घरी राहायचा, तिथेच जेवायचा. संध्याकाळी टोपलं फुटलेलं होतं आणि त्या जागेवरून बैल नेले होते. दोन दिवसांनी मास्तरानं साक्ष दिली, की त्या रात्री त्यानं सोमाजीला देवळाजवळ पाहिलं. ते खोटंही नव्हतं. राखणदार देवळाजवळ नसेल तर कुठे असेल?

कवी म्हणजे पाहणारा माणूस, असं मी मानत आले होते. गोरज मास्तरांनी पाहिलं होतं. अगदी नीट, खाली बसून. आणि त्या गुन्ह्याचा तपास करणारा खरा माणूस पुरावा घेऊन त्यांच्यापुढे उभा होता. त्याला मी माझ्या कादंबरीत चोर केलं आणि ज्यानं पुरावा पुसू दिला त्याला गुप्तहेर.

मी गोरज मास्तरांवर पुन्हा लिहिलं नाही. नवं पुस्तक सोमाजी कोतवालाचं आहे. गेली तीन वर्षं मी सावनेरला जाते, आजी सांगतात, मी लिहिते, प्रज्ञा तपासते आणि खोडते. मास्तर त्यात आहेत, छत्रीसकट. त्यांचं पाणी पिणंही आहे. पण त्यांना क्षमा मिळते की नाही, हे मी लिहिलेलं नाही. ते माझ्या हातात नाही. जुनी कादंबरी अजून कुठल्या कुठल्या वाचनालयांत आहे. मागच्याच महिन्यात एका वाचकाचा फोन आला, की कोतवालच चोर निघतो ते फार आवडलं. मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, पण मॅडम, शेवट जुनाच चांगला आहे.

त्या पहिल्या वर्षीच्या थंडीत, संक्रांतीच्या सुमारास, पार्वताबाई वॉकर घेऊन चालायला लागल्या होत्या. त्यांनी गावी न्यायला सांगितलं. लग्न होऊन निघाल्यावर त्या तिथे फारशा गेल्याच नव्हत्या. प्रज्ञा, मी आणि त्या, गाडी करून गेलो. देवळाला आता गुळगुळीत फरशी होती. आत जायचं का, असं मी विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. त्या देवळामागे गेल्या, जागा पाहिली, थोडं इकडे, थोडं तिकडे, अशी जुळवली. मग खाली नजर ठेवून चालायला लागल्या. रस्ता सिमेंटचा झाला होता. त्यावर पाहण्यासारखं काही नव्हतं. तरी त्या प्रत्येक पावलाला थांबत होत्या, वाकत होत्या, आणि पुढे जात होत्या. घराघरांतून बाया बाहेर आल्या. प्रज्ञा त्यांच्या मागे दोन पावलं अंतर ठेवून होती, हात पुढे करून, न धरता.

मालगुजारांच्या घराच्या जागी दुमजली घर आहे. त्याच्या मागच्या फाटकाशी, उन्हात खुर्ची टाकून, सत्तरीचे एक गृहस्थ हिरवा हरभरा सोलत बसले होते. त्यांनी अदबीनं विचारलं, ‘‘कोणाकडे आल्या, आजी?’’

‘‘कोनाकडं नाही,’’ पार्वताबाई म्हणाल्या. ‘‘मी सोमाजी कोतवालाची पोरगी हाये. माग काढून राहिली.’’

त्या गृहस्थांचा सोलणारा हात थांबला. सोमाजी कोण, असं त्यांनी विचारलं नाही. त्यांनी आमच्या मागच्या रस्त्याकडे पाहिलं, थेट देवळापर्यंत, आणि मांडीवरची हरभऱ्याची परात खाली ठेवून ते उभे राहिले. त्या गावात ही गोष्ट ऐंशी वर्षं सगळ्यांना माहीत होती.

पार्वताबाईंनी वॉकर फाटकाला टेकवला. दम घेतला. मग वाकून, उजव्या हाताचा तळवा त्यांनी जमिनीवर ठेवला.

‘‘इथवर,’’ त्या म्हणाल्या. ‘‘इथवर आला होता माहा बाप.’’